तोंड १९६१चं, अंग १९६३चं: जुनी लिंकन घेताना झालेली फसवणूक

जुनी अमेरिकन गाडी घ्यायचा विचार असेल आणि विकणारा 'फर्स्ट इयर, फर्स्ट इयर' असा जप करत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. १९६१ची म्हणून आम्ही ३४ हजार डॉलर मोजून घेतलेली लिंकन काँटिनेंटल (फोर्डची आलिशान गाडी) १९६३ची निघाली. नुसतं वर्ष चुकलं असतं तर एकवेळ सोडून दिलं असतं. पण वर्षाच्या आड बरंच काही दडवलं होतं.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, विक्समपासून जवळच. फोर्डचा विक्समचा कारखाना १९५७ला सुरू झाला आणि २००७ला बंद पडला. साठच्या दशकातल्या सगळ्या काँटिनेंटल इथेच तयार झाल्या, त्यामुळे या भागात ती गाडी म्हणजे घरचीच. मुंबईत आमच्या लहानपणी कुठलीही लांबलचक अमेरिकन गाडी दिसली की आम्ही तिला 'इम्पाला'च म्हणायचो, मग ती डॉज असो की प्लिमथ. इथे आल्यावर डोळा जरा तयार झाला. बाकीच्या कंपन्या गाड्यांना माशासारखे पर लावत होत्या, तेव्हा १९६१ची काँटिनेंटल सरळ, सपाट बाजूंची आली. मागची दारं उलटी उघडणारी. अजूनही रस्त्यात दिसली की माणूस थांबतो.

तिच्यात १९६१ला भाव जास्त मागतात, कारण या नव्या घडणीचं पहिलं वर्ष आणि केनेडींचं नाव. राष्ट्राध्यक्ष केनेडींना गोळ्या लागल्या तेव्हा ते ज्या गाडीत होते ती १९६१चीच, सध्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. गंमत म्हणजे त्या गाडीला ग्रिल, म्हणजे पुढची जाळी, नंतर १९६२ची बसवलेली आहे. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध काँटिनेंटलचं तोंड पाहून वर्ष सांगायला गेलात तर तिथेही फसाल. आम्हाला विकणाऱ्याने नेमकं हेच उलटं केलं होतं: नव्या अंगाला जुनं तोंड.

विकणारा जॉर्जियातला, जुन्या गाड्यांचा व्यापारी. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. जॉर्जियात १९८५ आणि त्याआधीच्या गाड्यांना राज्य टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, देत नाही. रजिस्ट्रेशन आणि बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद), एवढ्यावर व्यवहार होतो. आणि बिल ऑफ सेलवर वर्ष कोण लिहितो? विकणाराच. त्याने एक जुनी पिवळी पडलेली रजिस्ट्रेशनची पावतीही पाठवली, १९६२च्या नोव्हेंबरची. "नोव्हेंबर १९६२ला गाडी रस्त्यावर आहे, मग ती ६३ची कशी असेल?" हा त्याचा हुकमी एक्का. पावती खरी होती, हे नंतर कळलं. पण अमेरिकेत नवं मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच विकायला येतं. १९६२च्या नोव्हेंबरात शोरूममधून बाहेर पडलेली नवी काँटिनेंटल ६३चं मॉडेल असते. कागदावरचा कॅलेंडरचा आकडा आणि मॉडेल इयर यांची गल्लत ज्याला करायची आहे, त्याला असा कागद म्हणजे सोनं.

"अहो, एवढे पैसे न बघता पाठवायचे?" हिने विचारलं होतं. म्हणून तिथल्या एका तपासनिसाला पैसे देऊन गाडी पाहायला पाठवलं. अहवाल भरगच्च आला: टायर, ब्रेक, रंगाची जाडी, खालचा गंज, सीटचं चामडं. 'मॉडेल इयर' या रकान्यात १९६१. तो आकडा त्याने जाहिरातीतून उतरवला होता. वर्ष पडताळणं त्याच्या कामात बसतच नव्हतं, हे फॉर्मच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. व्हिन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, त्यावरून निघणाऱ्या ऑनलाइन रिपोर्टचंही तेच. १७ अंकी व्हिन सगळ्या कंपन्यांना सारखा लागू झाला १९८१च्या मॉडेलपासून. त्याआधी ज्याची त्याची पद्धत वेगळी. साठच्या दशकातल्या गाडीचा 'क्लीन रिपोर्ट' कुणी दाखवला तर तो कागद रद्दीत टाका.

गाडी ट्रेलरवरून आली. देखणी होतीच. आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात, विक्समच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते हातात कॉफी घेऊन पाहायला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, डिकीपाशी थांबले, झाकणावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "डिकी उंच आहे." मग बॉनेट उघडायला सांगितलं. आत वाकून बघून दोनच शब्द बोलले: "अल्टरनेटर. फोर-बॅरल."

त्यांच्या त्या तुटक बोलण्याचा अर्थ असा. ६१ आणि ६२च्या गाडीला बॅटरी चार्ज करायला जनरेटर होता, अल्टरनेटर आला ६३ला. ४३० घनइंचाच्या त्या इंजिनावर आधी दोन-बॅरल कार्बोरेटर होता (बॅरल म्हणजे हवा आत घेणारी नळी), ६३ला चार-बॅरल बसला. सामान जास्त मावावं म्हणून ६३ला डिकीचं झाकण उंचावलं, आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे आखडतात अशी तक्रार होती म्हणून पुढच्या सीटची ठेवण बदलली. ग्रिल तर दरवर्षी वेगळी: ६१ला मधून जाड पट्टी, ६२ला पातळ पट्टी आणि सुटे सुटे आयत, ६३ला साध्या चौकोनांची जाळी. ६४ ओळखणं त्यामानाने सोपं. चाकांमधलं अंतर १२३वरून १२६ इंच झालं, खिडक्यांच्या काचा वक्रच्या सपाट झाल्या आणि पेट्रोलचं झाकण मागच्या ग्रिलमधून निघून ड्रायव्हरच्या बाजूला आलं. ६५ला पुढचे इंडिकेटर बंपरमधून फेंडरमध्ये गेले आणि पुढे डिस्क ब्रेक आले.

व्यापाऱ्याला फोन केला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. अल्टरनेटर? "सगळेच बदलून घेतात, जनरेटरवर रात्रीचे दिवे मंद होतात." कार्बोरेटर? "आधीच्या मालकाला वेग हवा होता." डिकी? "मागून धडक बसली होती, मिळालं ते झाकण लावलं." आणि खरं सांगायचं तर यातलं एकेक उत्तर पटण्यासारखं होतं. साठ वर्षांत गाडीचं काहीही बदललेलं असू शकतं. सुटे सुटे पुरावे मांडत बसलं की असा माणूस सुटून जातो.

म्हणून आजोबांनी दुसरा रस्ता दाखवला: हौसेने कुणी कधी बदलत नाही अशा जागा बघा. कार्बोरेटर बदलतात, सीटकव्हर बदलतात. डॅशबोर्डमागचा हीटरचा डबा किंवा वायपरचा ब्रॅकेट कोण बदलतो? फोर्डच्या भागांवर इंजिनिअरिंग नंबर असतो. पहिलं अक्षर दशकाचं: बी म्हणजे पन्नासचं, सी म्हणजे साठचं, डी म्हणजे सत्तरचं. पुढचा आकडा वर्षाचा. त्यापुढचं अक्षर कुठल्या गाडीसाठी, आणि त्या काळात लिंकनला व्ही. आम्ही गाडीत पाठीवर आडवे झालो, तोंडात टॉर्च, हातात टूथब्रश आणि थोडं रॉकेल. वायपरच्या ब्रॅकेटवरचा काळा थर निघायला वेळ लागला. आधी एक वळण दिसलं, मग तीनचा आकडा, मग व्ही. सी-३-व्ही. हीटरच्या डब्यावर तेच.

इथे एक बारकावा आहे आणि तो उलटा समजू नका. हा नंबर भाग पहिल्यांदा कुठल्या वर्षासाठी आखला ते सांगतो. सी-१-व्ही नंबरचा भाग ६३च्या गाडीवर कारखान्यातूनच बसलेला असू शकतो, कारण जुना भाग चालत असेल तर कंपनी नवा कशाला आखेल? पण सी-३-व्ही भाग ६१च्या गाडीवर कारखान्यात बसणं शक्यच नाही. तो अजून जन्मालाच आलेला नसतो. एखादा भाग नंतरचा निघाला तर दुरुस्ती म्हणता येईल. ज्याला कुणी हात लावत नाही असे सगळेच भाग दोन वर्षं पुढचे निघाले, की गाडीच त्या वर्षाची.

मग व्हिन प्लेटचं काय? लिंकनच्या व्हिनमध्ये पहिला आकडा वर्षाचा, मग वाय म्हणजे विक्सम, मग ८२ म्हणजे सेडान (८६ असेल तर कन्व्हर्टिबल), मग इंजिनचं अक्षर: आधीच्या दोन-बॅरलला एच, ६३पासून एन. आमच्या प्लेटवर सुरुवातीला १ आणि पुढे एच, म्हणजे अगदी शिस्तीत १९६१. प्लेट घासलेली, जुनी, अस्सल. तिचे रिव्हेट मात्र चकचकीत.

बिनटायटलची परराज्यातली गाडी म्हणून आमच्या प्रकरणात पोलिसांनी व्हिन पडताळायचा होता. आलेल्या अधिकाऱ्याने प्लेटचे फोटो घेतले आणि थेट बॉनेटखाली गेला. तिथे आतल्या पत्र्यात नंबर ठोकलेला असतो. नंबर होता, प्लेटशी जुळतही होता. तो 'ठीक आहे' म्हणून निघाला असता, पण त्याने नखाने रंग खरवडला. नंबराच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ निघाली. ६१च्या कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीतून नंबरासकट पत्र्याचा तुकडा कापून आणला होता आणि आमच्या गाडीत डकवला होता. ग्रिल, बंपर, प्लेट सगळं त्याच गाडीचं. पेटीत वरच्या थरात देवगड हापूस आणि खाली कर्नाटकी, तसला हा मामला.

हे नुसतं पैशाचं राहत नाही ते इथे. या काँटिनेंटलला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. गाडी जवळजवळ पाच हजार पौंडांची. तिच्या पुढच्या भागात कुणीतरी कापाकापी केलेली आहे आणि ती किती खोल गेली आहे हे रंगाखाली दिसत नाही. शिवाय व्हिन काढणं किंवा बदलणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. गाडी पोलिसांनी चौकशीसाठी अडकवून ठेवली. ६३चा मूळ नंबर कुणाचा, ती चोरीची होती का, हे ठरेपर्यंत ती ना आमची ना त्याची. व्यापारी बिल ऑफ सेलवरचं वाक्य दाखवतो: 'वर्ष आधीच्या मालकाच्या सांगण्यावरून, विक्रेत्याने पडताळलेलं नाही, गाडी आहे तशी.' वकिलाचं म्हणणं, व्हिन बदलल्याचं सिद्ध झालं की हे वाक्य त्याला वाचवणार नाही. बघू. पैसे बँकेतून वायरने गेले होते, ते क्रेडिट कार्डासारखे अडवता आले नाहीत.

तेव्हा फोटो मागताना चकचकीत ग्रिलचे मागू नका, ते जाहिरातीत असतातच. रिव्हेट दिसतील इतक्या जवळून व्हिन प्लेटचा मागा, बॉनेटखालच्या ठोकलेल्या नंबराचा आजूबाजूच्या पत्र्यासकट मागा, आणि डॅशखालच्या दोन-तीन भागांच्या नंबरांचे मागा. विकणारा 'एवढं कशाला' म्हणाला तर तेच उत्तर समजा. जनरल मोटर्सच्या गाडीत इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते: ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी १२ ४ म्हणजे १२ मार्च १९६४. किंवा १९७४, कारण दशक लिहिलेलं नसतं, आणि त्यावरही लोकांनी टोप्या घातल्या आहेत. ६८पासून जनरल मोटर्सच्याच शेवरलेचा (इम्पाला त्यांचीच) व्हिन समोरच्या काचेतून दिसतो, त्याआधी तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असायचा. कुणी ६६ची इम्पाला म्हणून दाखवली आणि प्लेट डॅशवर असेल, तर पुढे बोलायचं कारण नाही.

परवा याच व्यापाऱ्याची नवी जाहिरात पाहिली: १९६४ची इम्पाला सुपर स्पोर्ट, व्ही-८, 'अस्सल, नंबर जुळणारे', म्हणजे गाडीचे आणि इंजिनचे नंबर मूळचेच. ६२-६३ला सुपर स्पोर्ट हे नुसतं जादा पॅकेज होतं, व्हिनमध्ये त्याचा पत्ता लागत नाही. पण ६४ला ती वेगळी मालिका झाली आणि व्हिनमध्ये उमटली: पहिला ४ वर्षाचा, पुढे साध्या व्ही-८ इम्पालाला १८ आणि सुपर स्पोर्टला १४, मग दोन दारी स्पोर्ट कूपचे ४७. फोटोत दाराच्या खांबावरची प्लेट आहे. मोठी करून पाहिली तर सुरुवातीचे पाच आकडे स्वच्छ वाचता येतात: ४१८४७. किंमत सुपर स्पोर्टची लावली आहे आणि चौकशी करणाऱ्यांत एक आडनाव मराठी दिसलं, म्हणून हे घाईने लिहिलं.