बोटीत बॅटरी बसवून घेताय? पैसे देण्याआधी झाकण उघडा

इथे मिनेसोटात आपल्यातले बरेच जण हल्ली सेकंडहँड अ‍ॅल्युमिनियमची चौदा फुटी बोट घेऊन तळ्यावर मासे धरायला जातात. हे खास त्यांच्यासाठी. माझी बोट चांगलीच निघाली. टोपी घातली ती बॅटरी बसवून देणाऱ्याने.

ट्रोलिंग मोटरसाठी (बोट हळूहळू चालवणारी छोटी विजेची मोटर) नवी डीप-सायकल, म्हणजे बराच वेळ सावकाश वीज देणारी बॅटरी, ट्रे, पट्टा, ब्रेकर आणि मजुरी, असे सगळे मिळून ६२० डॉलर एका वर्कशॉपने घेतले. पावती अगदी तपशीलवार. बॅटरी काळ्या प्लास्टिकच्या डब्यात, वरून पट्टा करकचून आवळलेला. बघणाऱ्याला काय शंका येणार?

जुलैत एकदा वारा सुटला, लाटा आडव्या यायला लागल्या आणि पुढच्या बाकाखालचा तो डबा सरकत येऊन बोटीच्या बरगडीवर आदळला. पंचवीस किलोचं धूड! पट्टा तसाच घट्ट होता, कारण तो नुसता डब्याभोवती गुंडाळला होता. खाली ट्रेला अडकवलाच नव्हता. ट्रे एका फळीवर स्क्रूने मारलेला आणि फळी तळावर मोकळीच.

घरी आल्यावर झाकण काढलं. टर्मिनलवर रबरी टोप्या नाहीत. चारी बाजूंनी धातू असलेल्या बोटीत डबा कलंडून दोन्ही टर्मिनल पत्र्याला टेकली, की शेकडो अँपिअर वाहतात. त्यात चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगी पुरते. ब्रेकर मात्र लावलेला दिसत होता. वाकून पाहिलं तर बॅटरीकडून येणारी आणि मोटरकडे जाणारी, अशा दोन्ही तारा त्याच्या एकाच बोल्टला जोडलेल्या! म्हणजे करंट ब्रेकरमधून जातच नव्हता. ही चूक नव्हे, सरळ लबाडी.

मग बॅटरीवरचा स्टिकर नखाने खरवडला. खाली गाडीच्या स्टार्टिंग बॅटरीचं जुनं लेबल. म्हणजे इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर झटका देणारी बॅटरी, डीप-सायकल नव्हेच. बऱ्याच बॅटऱ्यांवर कोड कोरलेला असतो: अक्षर म्हणजे महिना (ए म्हणजे जानेवारी), आकडा म्हणजे वर्ष. आमची ‘नवी’ बॅटरी चार वर्षांची निघाली.

फळीचं दुखणं आणखी वेगळं. ती हिरवट, प्रेशर-ट्रीटेड लाकडाची होती. त्यात तांबं असतं आणि ओल लागली की ते अ‍ॅल्युमिनियम खातं. फळी उचलली तर खाली पांढरी पूड आणि पत्र्याला बारीक खड्डे.

बोटींसाठी मानकं ठरवणाऱ्या एबीवायसी या अमेरिकन संस्थेचं मानक सांगतं, की ९० पौंडांच्या ओढीनेही बॅटरी एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. वर्कशॉपमधून निघण्याआधी पट्टा धरून सगळ्या बाजूंनी दणकून ओढा, वरच्या दिशेनेही. फ्यूज किंवा ब्रेकर बॅटरीपासून सात इंचांच्या आत हवा (तार आवरणातून नेली असेल तर थोडी सूट आहे). ट्रे बसवायला तळाला भोक पाडू देऊ नका.

वर्कशॉपवाला म्हणाला, ‘आम्ही सगळ्यांना असंच करून देतो.’ यावर काय बोलणार! कार्ड कंपनीकडे फोटोंसकट तक्रार केली. बॅटरीचे पैसे परत मिळाले, मजुरीचे बुडाले. त्याने बॅटरी परत मागितलीच नाही, त्यामुळे नवी घेताना ती दुकानात देऊन कोअर चार्ज (जुनी बॅटरी न दिल्यास लागणारी जादा रक्कम) तेवढा वाचवला.