सुक्या चपडीचे पॉलिश: एका जुन्या सागवानी टेबलावरचा अनुभव

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून गेल्या जूनमध्ये मी लिहिण्याचे एक सागवानी टेबल साडेतीन हजार रुपयांना आणले. दोन खण, पितळी मुठी, एक पाय किंचित लंगडा आणि सर्वांगावर काळपट, चिकट थर असे त्याचे रूप होते. 'वरून पांढरा रंग मारा, नवे दिसेल,' असा सल्ला विकणाऱ्यानेच दिला होता. परंतु लाकडाच्या रेषा झाकूनच टाकायच्या असतील तर सागवान घ्यायचे कशाला, असा विचार करून मी चपडीकडे वळलो.

कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात, ती शुद्ध करून केलेले मधाच्या रंगाचे पातळ पापुद्रे म्हणजे चपडी. ग्रामोफोनच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही हीच लाख असे. पाव किलो चपडी आणि ती विरघळवायला एक लिटर स्पिरिट (पॉलिशसाठीचे अल्कोहोल) एवढ्यावर माझे टेबल पूर्ण होऊन थोडे द्रावण उरले, आणि खर्च हजाराच्या आत राहिला.

या पॉलिशचा सर्वांत मोठा गुण असा, की त्याचा नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. त्यामुळे टेबलावर आधीचे पॉलिश कोणते आहे, हे पाहणे आवश्यक होते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरला. थर चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला, म्हणजे जुने पॉलिशही चपडीचेच होते. मग संपूर्ण लाकूड खरवडण्याचे कारण उरले नाही. स्पिरिट आणि बारीक स्टीलवूल (पोलादी तारांचा मऊ चोथा) यांनी मळ काढला, पृष्ठभागावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने हलकेच फिरवला आणि लंगड्या पायाखाली लाकडाची चकती चिकटवली. द्रावण मात्र लोखंडी डब्यात करू नये, ते काळे पडते. मी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून घेतले.

पॉलिश लावताना सुती कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा चालता ठेवावा लागतो, हे मी वाचले होते, तरी पहिल्याच हाताला दारावरची घंटा वाजली आणि मी बोळा तसाच टेकवून वळलो. परत पाहतो तो तिथे चंद्रकोरीसारखा खड्डा पडला होता आणि कडेला सुती कापडाची वीण उमटली होती. दुसऱ्या बहुतेक पॉलिशांना अशा वेळी सगळा पृष्ठभाग घासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती. इथे स्पिरिटने ओलसर केलेला बोळा चार वेळा फिरवला आणि डाग मिटला. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने चपडी घ्यावी असे मी म्हणतो, ते याच कारणासाठी.

पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये. जुलैतल्या एका दुपारी तिसरा हात मारला आणि दहा मिनिटांत सगळा पृष्ठभाग दुधाळ झाला. स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी त्या थरात अडकते. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत पुन्हा स्पिरिट फिरवल्यावर ती झाक गेली, पण तीन महिने टेबल चादरीखाली पडून राहिले.

आता दोषांकडे. गरम चहाच्या कपाने पांढरे कडे उमटते, ओला पेला विसरला तरी तेच, आणि हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचा एक थेंब तर थेट थर विरघळवतो, कारण त्यातही अल्कोहोलच असते. जेवणाच्या टेबलासाठी किंवा ओट्याजवळच्या मांडणीसाठी मी चपडी कधीही सुचवणार नाही. तयार द्रावणाची बाटलीही घेऊ नये: मी प्रथम तीच आणली होती, तिच्यावर तारीख नव्हती आणि नमुन्याच्या फळीवर ते पॉलिश चार दिवसांनीही बोटाला चिकटत होते. विरघळलेल्या चपडीची स्पिरिटशी हळूहळू प्रक्रिया होत राहते आणि जुने द्रावण कधीच नीट वाळत नाही. म्हणून सुके पापुद्रे आणून लागेल तेवढेच भिजवलेले बरे. स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकते आणि त्याची वाफ पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि घरात गॅस पेटलेला नको.

खणांच्या आतल्या बाजूलाही मी दोन हात मारले. डांबराच्या गोळ्यांचा जो जुना दर्प उन्हात ठेवूनही जात नव्हता, तो त्या थराखाली बंद झाला, आणि आता त्या खणात कागद ठेवता येतात.