कॅनन ५५-२५० एसटीएम: नाथसागर ते वेरूळ, एक हिवाळा

पहिली टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, म्हणून कॅननची ५५-२५० एसटीएम घेणारे आपल्याकडचे बहुतेक जण ती पक्ष्यांसाठी घेतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा हंगाम संपल्यावर हिशेब उलटा निघतो. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, ती तोकडी पडते आणि वेरूळला पैसे वसूल करते.

क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, २५० मिलिमीटर म्हणजे फुल फ्रेमच्या ४०० मिलिमीटरइतका कोन. ऐकायला भरपूर. पण जायकवाडीच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात बरेच आत चरतात आणि माणूस जवळ आला की आणखी आत सरकतात. सव्वा मीटर उंचीचा पक्षी शंभर मीटरवरून फ्रेमच्या उंचीचा जेमतेम पाचवा हिस्सा भरतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये आठशे-साडेआठशे पिक्सेल. मोबाइलवर ठीक, पण कापून बारा बाय अठराची प्रिंट काढाल तर पिसं दिसणार नाहीत. चक्रवाक, तलवार बदक यांचं तर विचारूच नका. कॅननचे एक्स्टेंडर, म्हणजे पल्ला वाढवणारे जोड, हिला बसत नाहीत, त्यामुळे तोही रस्ता बंद. तेव्हा एकटा पक्षी सोडा आणि थवा, पाणी, काठ असं चित्र धरा.

उडत्या थव्यासाठी शटर १/१६०० सेकंद, छिद्र एफ ६.३, एआय सर्वो (हलत्या गोष्टीवर सतत फोकस ठेवणारा मोड) आणि ऑटो आयएसओची, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेची, कमाल मर्यादा ३२००. फोकसचा पल्ला मर्यादित करणारं बटण (फोकस लिमिटर) नसल्याने पांढुरक्या आभाळावर पकड सुटली की लेन्स थेट ८५ सेंटीमीटरपर्यंत जाऊन परत येते, तोवर थवा गेलेला असतो. उपाय साधा: थवा येण्याआधी तितक्याच अंतरावरच्या झाडावर किंवा काठावर फोकस करून ठेवायचा. जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचं सगळं मऊ दिसतं. लेन्स खराब म्हणून दुकानात परत नेण्याआधी हे तपासा, कारण अशा हवेत महागडी लेन्सही हेच देते.

आता वेरूळ. सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलास मंदिरात, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणजे हातात धरूनच काम. कैलासाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दर्शनी भागासाठी दुपारनंतरचं ऊन. रावण कैलास हलवतो तो शिल्पपट मात्र दक्षिण बाजूला, सावलीत. २५० वर हात हलू नये म्हणून एरवी १/४०० लागलं असतं. हाताची थरथर सावरणारं हिचं स्टॅबिलायझेशन साडेतीन स्टॉपचं आहे (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवण्याची मुभा), त्यामुळे श्वास रोखून कोपर छातीला टेकवले तर १/५० ला कडा स्वच्छ येतात. दगड हलत नाही, म्हणून हे जमतं. पक्ष्याला याचा उपयोग नाही. शिल्पांसाठी आयएसओ १६०० च्या आत राहतो.

इथे खरी चूक फोकसच्या खोलीची होते. आठ मीटरवरून २५० ला, एफ ५.६ वर, स्पष्ट पट्टा वीस-बावीस सेंटीमीटरचाच मिळतो. पार्वतीवर फोकस केला की खाली रावणाचे हात विरघळतात. झूम १३५ वर आणा, पट्टा पाऊण मीटरच्या घरात जातो आणि सव्वा मीटर रुंदीचा भाग फ्रेममध्ये मावतो. चेहरा एकटाच हवा असेल तेव्हाच २५०. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही आणि पहिल्या लेण्यातल्या अंधारात एफ ५.६ म्हणजे हात चोळत बसणं. तिथे ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स न्या.

जवळच्या कामात ही लेन्स अनपेक्षित चांगली आहे. ८५ सेंटीमीटरवरून २५० ला पावणेआठ सेंटीमीटर रुंदीचा भाग पूर्ण फ्रेम भरतो. तुरीच्या फुलावरची मधमाशी, शाळूच्या पानावरचा चतुर, तेही तो न उडता. एफचा आकडा ८ च्या खाली नेऊ नका, पंखांचं टोक सुटतं.

वजन ३७५ ग्रॅम, दिवसभर गळ्यात जाणवत नाही. माउंट प्लास्टिकचा, धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. झूम करताना नळी बाहेर येते आणि सायकलच्या पंपासारखी हवा ओढते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या फुफाट्यात किंवा मळणीयंत्राजवळ झूम फिरवलात तर ती हवा कशी असेल ते सांगायला नको. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मगच कापड; उलटं केलंत तर काचेवर ओरखडे. ईटी-६३ हूड वेगळा विकत घ्यावा लागतो, घ्याच. मॅन्युअल फोकसची रिंग मोटरमार्फत चालते, त्यामुळे कॅमेरा झोपलेला असेल तर ती नुसतीच फिरते. शटर अर्धं दाबून जागा करा.

सेकंडहँड घेताना नाव नीट वाचा. ५५-२५० आयएस आणि आयएस टू या जुन्या आवृत्त्या. २०१३ ची एसटीएम हवी. जुन्यांत फोकस करताना पुढची काच फिरते, म्हणून पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) दर वेळी पुन्हा जुळवावा लागतो, आणि जवळात जवळ फोकस १.१ मीटर. मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा सोडा. बारीक धुळीचे चार कण मात्र चालतील, फोटोत येत नाहीत. आर मालिकेचा मिररलेस कॅमेरा असेल तर ॲडॉप्टरची किंमत धरूनच घासाघीस करा.