संवेदन-खेळांचा संच: दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना, गेल्या नोव्हेंबरात, मी लहान मुलांसाठीचा संवेदन-खेळांचा, म्हणजे स्पर्श, आवाज, रंग, वास अनुभवत खेळायच्या खेळांचा, एक संच ऑनलाइन मागवला. उथळ प्लॅस्टिकचा ट्रे, रंगीत तांदळाची चार पाकिटे, खेळण्याच्या पिठाच्या दोन डब्या, लाकडी चिमटा, ड्रॉपर, जाड कुंचले, पाण्यात फुगणाऱ्या मण्यांची एक पुडी आणि कृती समजावणारी २० कार्डे असे त्यात होते. आम्ही लालबागला लहानशा घरात राहतो. अंगण नाही आणि गच्चीला कुलूप असते, त्यामुळे कालवण्या-चिवडण्याचा, माखून घेण्याचा आनंद तिला घरातच मिळावा, एवढाच हेतू होता.

आधी धोक्याचे सांगते. फुगणाऱ्या मण्यांची पुडी मी पहिल्याच दिवशी, न फोडता, टाकून दिली. हे मणी मुलाने गिळले तर ते आतड्यात फुगून मार्ग बंद करू शकतात, आणि साध्या एक्स-रेमध्ये ते सहसा दिसतही नाहीत. अमेरिकेत ॲमेझॉन, वॉलमार्ट आणि टार्गेट यांनी २०२३ च्या अखेरीस मुलांसाठीच्या अशा मण्यांची विक्री थांबवली. असे असूनही अडीच वर्षांच्या मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात ते घातलेले पाहून मला संताप आला. विक्रेत्याला मी तसे लेखी कळवले, परंतु उत्तर आले नाही.

रंगीत तांदळावरून घरात पहिल्याच आठवड्यात मतभेद झाला. सासूबाईंचे म्हणणे असे की अन्न पायाखाली येता कामा नये. मला तेव्हा ते पटले नव्हते. मुलगी मूठ भरून तांदूळ ओतायची, त्याचा सरसर आवाज कान देऊन ऐकायची, आणि तो अर्धा तास मला मोलाचा वाटायचा. जून उजाडला आणि हवेतल्या ओलाव्याने तांदळाला कुबट वास येऊ लागला, पुढे त्यात टोके झाले आणि सगळे फेकावे लागले. फेकताना सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंचोक्यांची जुनी पिशवी काढून दिली. चिंचोके पावसाळ्यातही चांगले राहिले. ते घशात अडकण्याजोगे असल्याने आमच्यापैकी कोणीतरी शेजारी बसल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, असा नियम आम्ही केला आहे.

पिठाचीही तीच गत झाली. त्यातले मीठ हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे जुलैत डब्या चिकट आणि पाझरत्या झाल्या. त्यानंतर मी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसे गरम पाणी घेऊन घरीच पीठ मळू लागले. पावसाळ्यात ते आठवडाभरच ठेवते. मीठ इतके असते की मुलाने त्याचा मोठा गोळा खाल्ला तर अपाय होऊ शकतो.

कार्डांपैकी सर्वांत चांगले निघाले ते कॉर्नफ्लोअरचे: दोन भाग कॉर्नफ्लोअर, एक भाग पाणी. मूठ आवळली की गोळा घट्ट होतो आणि सैल सोडली की बोटांतून ओघळतो, कारण अचानक दाब पडला की पिठाचे कण एकमेकांना अडतात आणि मधल्या पाण्याला सरकायला वेळ मिळत नाही. मुलगी हा खेळ आजही स्वतः मागते. मात्र उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये. आमच्याकडे पाइप तुंबला आणि प्लंबर बोलवावा लागला. आता मी ते परातीत वाळू देते आणि खरवडून कचऱ्यात टाकते.

पुढे संचातला ड्रॉपर स्वयंपाकघरात आला. गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी लिंबाचा रस पडताच जांभळट गुलाबी होते, आणि हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा घातला की लालसर तपकिरी छटा येते. हे पाहताना तिचा श्वास रोखलेला असतो. हळदीचे डाग लादीवरून लवकर जात नाहीत, म्हणून खाली जुनी चादर अंथरावी.

गणपतीच्या आधी परळ-लालबागच्या कारखान्यांत काम जोरात असते. तिथून आणलेल्या थोड्या शाडूने जे दिले ते संचातल्या कोणत्याच वस्तूने दिले नाही. थंडगार, जड, ओल्या मातीच्या वासाचा तो गोळा तिने चार दिवस थापटला, त्यावर बोटे रुतवली, चिंचोके खोचले, पुन्हा पाण्यात विरघळवला. ओल्या सुती कापडात गुंडाळून पिशवीत बांधून ठेवला की शाडू मऊ राहतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या शंख-शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंवर. हे मी पूर्वी वाचले होते. त्यांनी तो मार्ग का धरला असेल, हे शाडूशी खेळणाऱ्या मुलीकडे पाहताना माझ्या ध्यानात आले.

ट्रेला मार्चमध्येच तडा गेला आणि त्याची जागा स्टीलच्या परातीने घेतली. चिमटा, ड्रॉपर आणि कुंचले उत्तम टिकले. मुलगी आता फ्रॉकची बटणे स्वतः लावते; ते वयामुळे नव्हे तर या खेळांमुळेच, असा दावा मी करणार नाही, पण चिमट्याने चिंचोके उचलताना तिची बोटे स्थिर होत गेली, हे मी रोज पाहिले आहे. संच मी पुन्हा घेणार नाही. कार्डे मैत्रिणीकडून उसनी मिळत असतील तर घ्यावीत, चिमटा आणि ड्रॉपर सुटे आणावेत, आणि तांदूळ-पिठाचे खेळ दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरू करावेत.