बॅकएंडच्या मोजक्याच सेवा बाहेर द्यायच्या असतील, तर एन्जिनएक्स, एचएप्रॉक्सी की काँग?

कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी लिहिलेल्या प्रणालीत ऑर्डर, बिले, साठा, प्रशासनाची पाने आणि देखरेखीचे पत्ते असे बरेच काही एकाच सर्व्हरवर, म्हणजे बॅकएंडवर, असते, आणि त्यातले दोनतीनच एपीआय (इतर प्रोग्रॅमनी विनंती पाठवून वापरायचे पत्ते) बाहेरच्या भागीदाराला द्यायचे असतात. अशा वेळी मूळ कोडला हात न लावता पुढे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आधी स्वीकारून बॅकएंडकडे धाडणारा मध्यस्थ, बसवणे हा रुळलेला मार्ग आहे. खालील तिन्ही साधनांनी हे काम होते. निवड करताना मात्र, ज्या विनंतीचा उल्लेख आपण कुठेच केलेला नाही तिचे काय होते, हे आधी पाहावे.

इगोर सिसोएव्ह यांचे एन्जिनएक्स २००४ पासून उपलब्ध आहे आणि बहुतेक संघांना ते आधीच परिचित असते. नेमक्या पत्त्याशी जुळणारे लोकेशन (त्या पत्त्यासाठीचा नियम) लिहावे, त्यात फक्त आवश्यक मेथडना (गेट, पोस्ट अशा विनंतीच्या प्रकारांना) परवानगी द्यावी आणि उरलेल्या सर्व पत्त्यांना ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, असे उत्तर द्यावे, की काम झाले. हा शेवटचा नियम आपणच लिहावा लागतो. धोका तिरप्या रेषेत आहे: उपसर्गाने जुळणाऱ्या लोकेशनच्या शेवटी ती रेषा नसेल आणि प्रॉक्सी-पासमध्ये दिलेल्या बॅकएंडच्या पत्त्याच्या शेवटी असेल, तर लोकेशनला लगेच दोन टिंबे जोडलेली विनंती बॅकएंडला एक पायरी वरच्या पत्त्यावर नेऊ शकते. मग स्प्रिंग बूट या जावा चौकटीच्या ॲक्च्युएटरसारखे देखरेखीचे, कधीच बाहेर न द्यायचे पत्तेही हाती लागू शकतात. नियम चार ओळींचा असला तरी तो दुसऱ्याकडून तपासून घेतलेला बरा.

विली तारो यांचे २००१ मधले एचएप्रॉक्सी मुळात भार वाटण्यासाठी आहे. बॅकएंडच्या अनेक प्रती चालत असतील, तर मोफत आवृत्तीतही मिळणारी सक्रिय आरोग्य-तपासणी (प्रत्येक प्रत चालू आहे का हे स्वतःहून पाहत राहणे) हे त्याचे मोठे बलस्थान ठरते, कारण एन्जिनएक्समध्ये ती सशुल्क आवृत्तीत आहे. एसीएलची, म्हणजे परवानगीच्या अटींची, भाषाही वाचायला सोपी आहे. मात्र पत्ता तपासण्यापूर्वी तो प्रमाणित रूपात आणण्याचे काम एचएप्रॉक्सी आपणहून करत नाही. ती सोय २०२१ च्या २.४ आवृत्तीत आली आणि ती मुद्दाम चालू करावी लागते. त्यामुळे ‘प्रशासनाची पाने नाकारा’ असा नियम लिहिल्यास दुहेरी तिरपी रेषा किंवा टक्केचिन्हाने सांकेतिक केलेले अक्षर वापरून तो चुकवता येतो. येथे नकारांची यादी करूच नये. परवानगीची यादी करावी आणि बाकी सर्व नाकारावे.

काँग हे एन्जिनएक्सच्याच पायावर उभे असलेले एपीआय गेटवे आहे. रूट (कोणता पत्ता कुठे पाठवायचा याचा नियम) न लिहिलेल्या पत्त्याला ते आपोआप ४०४ देते, म्हणजे सुरुवातच बंद अवस्थेतून होते. प्रत्येक भागीदाराला वेगळी की (ओळख पटवणारी गुप्त किल्ली), वेगळी विनंती-मर्यादा आणि करार संपताच तेवढीच की रद्द करण्याची सोय, हे सर्व प्लगिनमधून मिळते. त्याची किंमत व्यवस्थापनात मोजावी लागते: पोस्टग्रेस डेटाबेस तरी सांभाळा किंवा डेटाबेसविना, सर्व नियम लिहिलेली घोषणात्मक फाइल तरी. शिवाय ८००१ या नेहमीच्या पोर्टवरचा, काँगचे नियम बदलण्यासाठीचा ॲडमिन एपीआय चुकून उघडा राहिला, तर कोणीही नवे रूट घालू शकतो. रूटचा साधा पत्ता उपसर्ग म्हणून जुळतो, त्यामुळे ऑर्डरच्या पत्त्याखालचा परताव्याचा पत्ताही नकळत खुला होतो. नेमकेपणा हवा असेल तर रेजेक्स (पत्त्यातल्या अक्षरांचा नेमका नमुना) लिहावा लागतो.

दोनतीन पत्ते आणि एकच भागीदार असेल, तर माझ्या मते एन्जिनएक्स पुरेसे आहे आणि काँग हा अकारण खटाटोप आहे. एचएप्रॉक्सी आधीच चालू असेल तर त्यातच नियम लिहावेत. भागीदार वाढू लागले आणि कोणी किती वापर केला याचा हिशेब मागितला जाऊ लागला, की काँगकडे वळावे.

बॅकएंड ग्राफक्यूएल किंवा सोप या एपीआय-पद्धती वापरत असेल, तर सर्व क्रिया बहुधा एकाच पत्त्यावर येतात आणि पत्त्यावर आधारलेली गाळणी निरुपयोगी ठरते. उत्तरातली ठरावीक फील्ड लपवायची असतील, किंवा मागितलेली ऑर्डर मागणाऱ्याचीच आहे का हे पाहायचे असेल, तर मध्ये छोटी स्वतंत्र सेवा लिहिणे किंवा तपासणी बॅकएंडमध्येच ठेवणे योग्य.

तिन्हींपैकी काहीही निवडले तरी बॅकएंडने फक्त खासगी नेटवर्कवरच ऐकावे. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) पोर्ट प्रकाशित केल्यास यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलचे नियम डावलले जातात, त्यामुळे फायरवॉल बंद दिसत असूनही बॅकएंड प्रॉक्सीला वळसा घालून थेट इंटरनेटवर उपलब्ध असू शकतो. ते पोर्ट बाहेरच्या यंत्रावरून स्वतः तपासावे.