सर्व्हर अडकला तर आत कसं शिरायचं: एसएसएच, मॉनिटर की सिरियल केबल?

आपल्या इंदुरात कितीतरी छोट्या ऑफिसांत लिनक्सचा एखादा डबा कोपऱ्यात वर्षानुवर्षं चालू असतो, आणि तो नवीन माणसाच्या गळ्यात पडला की पहिला प्रश्न हाच, एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये लॉगिन) आहे ना, मग सिरियल (केबलने थेट लॅपटॉपला जोडून अक्षरांत चालणारा संवाद) कशाला? रोजच्या कामाला एसएसएचच, त्यात वाद नाही. पण ते चालायला कर्नल (लिनक्सचा गाभा) उभा पाहिजे, डिस्क माउंट झालेली (वापरायला जोडलेली) पाहिजे, नेटवर्क वर आलेलं पाहिजे, यातलं एक जरी राहिलं तरी तुम्ही बाहेर.

मागच्या पावसाळ्यात रामबागेतल्या एका ऑफिसात लाइट दोन-तीनदा गेली-आली आणि सर्व्हर परत आलाच नाही, पिंगला (मशीन नेटवर्कवर आहे का बघायची हाक) उत्तर नाही, मॉनिटर लावावा तर मशीनमध्ये ग्राफिक कार्डच नाही. लॅपटॉपला सिरियल केबल लावून एंटर दाबलं तर समोर ओळ उभी, मेंटेनन्ससाठी रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड द्या. कधीतरी लावलेली बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये) तशीच लिहिलेली होती, ती सापडेना म्हणून बूट अडलेलं. मुख्य डिस्क लिहिता येईल अशी (रीड-राइट) माउंट केली, ती ओळ कॉमेंट केली (पुढे # लावून बंद केली), रिबूट, झालं काम.

मॉनिटर-कीबोर्डचा फायदा असा की आधी काही सेट करावं लागत नाही आणि बायॉस (मशीन चालू होतानाचं बोर्डाचं सेटिंग) थेट दिसतं. पण कर्नल पॅनिक झालं (कर्नलच कोसळून मशीन थांबलं) की कामाच्या ओळी वर सरकून जातात, आणि २०२० मधल्या ५.९ कर्नलपासून टेक्स्ट कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर) शिफ्ट-पेजअप करून मागे जायची सोयच काढून टाकली, मग मोबाइलने फोटो काढत बसा. सिरियलवर सगळं लॅपटॉपवरच्या लॉग फाइलमध्ये उतरवून घेता येतं, मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

सिरियलची अडचण म्हणजे तयारी आधीच करून ठेवावी लागते. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम), कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या ओळीत आणि लॉगिन विचारणाऱ्या गेटी प्रोग्राममध्ये, तिन्हीकडे. कर्नलला दोन कन्सोल दिले तर शेवटी लिहिलेला मुख्य धरला जातो, म्हणून सिरियल शेवटी लिहा, नाहीतर अडकलेल्या बूटचा प्रॉम्प्ट भलतीकडेच येईल. स्पीड ९६०० (बिट्स प्रति सेकंद) ठेवला तर सेकंदाला साधारण ९६० अक्षरं, म्हणजे एक भरलेला स्क्रीन यायला दोन सेकंद. ११५२०० ठेवा.

बोर्डात आयपीएमआय (सर्व्हर बंद असला तरी दुरून सांभाळायची सोय) असेल तर तीच सिरियल लॅनवरून घरबसल्या मिळते, पॉवर बंद-चालूही करता येते. बजेट असेल तर नक्की घ्या, फक्त ते उघड्या इंटरनेटवर कधीच ठेवू नका.

नसेल तर यूएसबी-सिरियल केबल. सिल्व्हर मॉलमध्ये घ्यायला गेलात तर चिप विचारा. लिनक्सवर स्वस्तातली प्रोलिफिक कंपनीची चिपही चालून जाते, पण विंडोज लॅपटॉप असेल तर नकली प्रोलिफिकला नवा ड्रायव्हर हातच लावत नाही, तिथे एफटीडीआय कंपनीच्या चिपचे चार पैसे जास्त गेलेले परवडतात. दोन पीसी जोडायचे तर नल मोडेम केबल (पाठवायच्या आणि घ्यायच्या वायरी उलटसुलट जोडलेली) लागते, साधी सरळ वायर नाही, आणि छोट्या बोर्डांसाठीची ३.३ व्होल्टची टीटीएल केबल वेगळी, आरएस-२३२ चं (पीसीच्या नेहमीच्या सिरियल पोर्टचं) जास्त व्होल्टेज त्या बोर्डाला लागलं तर बोर्ड जळू शकतो.

लॅपटॉपवर सिरियल उघडायच्या प्रोग्राममध्ये माझी पसंती पिकोकॉमला. स्क्रीन नावाचा प्रोग्रामही चालतो. मिनिकॉम या तिसऱ्या प्रोग्राममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या वायरीवरून 'आता पाठव' अशी परवानगी मिळेपर्यंत थांबणं) बऱ्याचदा आधीपासून चालू असतं, त्यामुळे तीन वायरच्या केबलवर लॉगिन दिसतं पण टाइप केलेलं एक अक्षर पुढे जात नाही, आणि माणूस केबलला दोष देत बसतो. मी यातच एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

केबल आली की सगळं नीट चालू असतानाच एकदा रिबूट करून बघा. कचरा अक्षरं आली तर दोन्हीकडचा स्पीड जुळत नाहीये. जुळला की तो आकडा चिठ्ठीवर लिहून केबललाच चिकटवून ठेवा.