रबाळे एमआयडीसीतील ईएमसी चाचणी प्रयोगशाळा: आधी सल्ला, मग दरपत्रक

मिक्सरच्या मोटरचे आर्मेचर (फिरणारा भाग) आणि त्याला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश युरोपात पाठवताना ईएमसी चाचणी, म्हणजे उपकरणे एकमेकांच्या कामात विद्युतचुंबकीय अडथळा आणतात का याची तपासणी, लागेल का, हे मी येथे विचारले. अभियंत्यांनी आधी माल कोणाकडे जाणार ते जाणून घेतले, कारण दुसऱ्या उत्पादकाच्या यंत्रात बसणाऱ्या सुट्या भागांना युरोपीय संघाचा ईएमसीविषयीचा २०१४/३० हा निर्देश सहसा थेट लागू होत नाही. जबाबदारी तयार मिक्सर बनवणाऱ्याची असते. तरीही ब्रशपाशी ठिणग्या उडतातच, म्हणून त्यांनी नमुना मोटर चालवून १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ पट्ट्यातला विद्युत गोंगाट पडद्यावर दाखवला. कपॅसिटर जोडताच आलेख खाली उतरला. अहवाल मात्र उशिरा मिळतो. ब्रश किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट नसलेल्या इंडक्शन मोटरला चाचणीची गरज नाही, हे त्यांनी स्वतःला मिळू शकणारे काम सोडून सांगितले, याचे मला फार मोल वाटते.